गरम पाणी, मीठ आणि चिमूटभर हळद

आमच्या संस्थेत शालिग्राम एकोणीस वर्षं तात्पुरता आहे. हे वाक्य मी दर एप्रिलमध्ये टाइप करते, फक्त आकडा बदलते. टाइप अर्थात हिंदीत करते, कारण देवासमध्ये कागद सगळे हिंदीत चालतात. मराठीत आम्ही मंडळी पूजा करतो आणि भांडतो. ऑफिसातली मी एकमेव कारकून, त्यामुळे इथे कोण कायम, कोण तात्पुरता आणि कोण नुसताच पगार घेतो, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

शालिग्राम प्रयोगशाळेत अटेंडंट आहे. काचेची भांडी धुणं, नमुने कापणं, वाटणं, गाळणं ही त्याची कामं. जात शिंप्याची. त्याचे पणजोबा दरबारी लोकांचे अंगरखे शिवायला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. शालिग्रामनेही निम्मं आयुष्य दुकानात मशीन चालवलं. मग लोक तयार कपडे घ्यायला लागले, दुकान बसलं आणि हा चाळिशीला टेकला असताना बीकर धुवायला लागला. हात मात्र शिंप्याचेच राहिले. एखादी गोष्ट चार तुकड्यांत कापायची म्हटली तर चारही तुकडे सारखे येतात, आणि तिरकं कापलेलं काही दिसलं की ह्याचा जीव वरखाली होतो. माझ्या वाढदिवसाचा केक कँटीनच्या गोलूने कापला तेव्हा शालिग्राम तोंड फिरवून उभा होता.

घरी सुमंगला, त्याची बायको. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरने ऑपरेशन सांगून तीन वर्षं झाली. आमच्या संस्थेत कायम नोकरांना आणि त्यांच्या घरच्यांना उपचाराची सोय आहे, तात्पुरत्यांना ‘काळजी घ्या’ असं सांगायची सोय आहे. म्हणून सुमंगला स्टुलावर बसून पोळ्या लाटते आणि भाजी निवडणं, धुणं, चिरणं सगळं शालिग्रामकडे. फुलकोबी असली की त्याची रीत ठरलेली. तुरे सुटे करायचे, कढत पाण्यात मीठ आणि चिमूटभर हळद टाकून त्यात बुडवायचे, वर झाकण, पाच मिनिटं. अळ्या वर येतात. त्याही तो नाल्यात टाकत नाही, कढीपत्त्याच्या बुंध्याशी नेऊन ठेवतो. त्याच्या आईची पद्धत. माझ्याही आईची हीच होती, आणि हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या आईची असेल.

आता भैयासाहेब. संस्थेचे अध्यक्ष. ह्यांचे पणजोबा दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. कोणत्या, ते समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. कलेक्टर असेल तर दिवाण, व्यापारी असेल तर खजिनदार, आणि आमच्यासारखे असले तर नुसतंच "आमचे पणजोबा", एवढ्यावर भागतं. दोन वर्षांपूर्वी भैयासाहेबांच्या जावयाने त्यांना इंदूरच्या एका हॉटेलात ब्रोकोली खाऊ घातली. चव त्यांना आवडली नाही, किंमत फार आवडली. परत आले ते सोनकच्छच्या शेतावर ब्रोकोली लावायचं ठरवूनच. तीही सेंद्रिय. शेण, गोमूत्र, निंबोळी आणि भैयासाहेबांचं भाषण, एवढ्यावर वाढलेली.

ब्रोकोली आली झकास, पण इंदूरच्या ग्राहकाला तिप्पट भाव कशाबद्दल द्यायचा ते कळेना. तेव्हा भैयासाहेबांना आठवलं की आपल्या संस्थेत एक प्रयोगशाळाही आहे. त्यांनी डॉ. शिवांगीला बोलावलं. ही आमची रसायनाची प्राध्यापिका, वय तीस, हुशार, मराठी घरातली पण शिकलेली सगळी हिंदीत. मराठी बोलते बरी, वाचताना मात्र अडखळते. भैयासाहेबांनी तिला फर्मान सोडलं, "हे पाहा पोरी, सेंद्रिय ब्रोकोली अधिक पौष्टिक असते, हे सिद्ध करून द्यावं. दोन महिने पुरेत."

शिवांगी म्हणाली, "सिद्ध होईल की नाही ते तपासल्यावर कळेल ना, भैयासाहेब?"

"तेच म्हणतो आम्ही. तपासावं आणि सिद्ध करावं."

तर योजना अशी ठरली. ब्रोकोलीचे दोन वाण, एक हिरवा आणि एक जांभळा. दोन्ही वाण भैयासाहेबांच्या सेंद्रिय तुकड्यात लावलेले आणि तेच दोन्ही शेजारच्या शेतात, युरिया घालून, औषध फवारून लावलेले. म्हणजे पिशव्या चार. त्यांतून मोजायचं काय, तर एक ग्लुकोसिनोलेट नावाचा पदार्थ आणि एक क जीवनसत्त्व. हा पहिला पदार्थ आपल्या ओळखीचा आहे, नाव तेवढं नवीन. मोहरी, मुळा, कोबी ह्यांना जो एक उग्र झणका असतो तो त्याच्यापासून येतो. ब्रोकोलीत तो भरपूर असतो आणि शरीराला चांगला असतो, असं शिवांगीने मला सांगितलं. मी ते टाइप केलं.

जानेवारीतल्या एका सकाळी चार पिशव्या आल्या. शिवांगी त्या दिवशी उज्जैनला परीक्षेच्या कामाला अडकली होती, दुपारपर्यंत येणार होती. तिने फोनवर सांगितलं, "काका, धुऊन, तोलून, पाण्यात वाटून ठेवा. मी आल्यावर बाकीचं करते." युरियाच्या दोन पिशव्या शालिग्रामने उघडल्या. तुरे असे स्वच्छ की फोटो काढावा. नळाखाली धरले, वाटले, झालं. मग सेंद्रियवाल्या उघडल्या. औषधाचा थेंब न पाहिलेली भाजी ती! प्रत्येक तुऱ्यात दोन-दोन कुटुंबं नांदत होती, हिरवीगार आणि धष्टपुष्ट.

शालिग्राम मला हाक मारून म्हणाला, "ताई, बघा हो, हे असं कसं वाटू? मॅडमच्या मशीनमध्ये अळ्या जातील."

मी नाक दाबलं आणि म्हणाले, "मला काय दाखवतोस? घरी करतोस तसं कर."

हे मी म्हणाले, हे लिहून ठेवते, कारण पुढे हे कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

त्याने बर्नरवर पाणी ठेवलं. कँटीनमधून मीठ आणि हळद आणली. सेंद्रियच्या दोन्ही पिशव्यांचे तुरे कढत पाण्यात, पाच मिनिटं झाकण. अळ्या काढल्या, आमच्या कुंपणाच्या मेंदीखाली नेऊन ठेवल्या. मग तुरे धुऊन, वाटून, चारही बीकर ओळीत मांडून, चिठ्ठ्या चिकटवून ठेवले. शिवांगी तीन तासांनी आली आणि पुढच्या कामाला लागली. चिठ्ठ्या सरळ, मापं बरोबर, टेबल स्वच्छ. तिला विचारायला काही सुचलंच नाही.

आठवड्याने आकडे आले. सेंद्रिय ब्रोकोलीत तो झणक्याचा पदार्थ साध्यापेक्षा तिप्पट! शिवांगी दोनदा चष्मा पुसून बसली. क जीवनसत्त्व मात्र सेंद्रियमध्ये जरा कमीच निघालं. त्यावर भैयासाहेब म्हणाले, "ते लिंबात मिळतं. तो तक्ता शेवटच्या पानावर घ्यावा." तिप्पट हा आकडा त्यांना इतका भावला की तीन दिवसांत छापखान्यात पुस्तिका गेली. वर भैयासाहेबांचा फेटा घातलेला फोटो, आत हातात ब्रोकोली धरलेला फोटो, आणि मागे पणजोबांचा फोटो. पणजोबांनी ब्रोकोली जन्मात पाहिली नव्हती, तरी ते समाधानी दिसत होते.

फेब्रुवारीत मोठा कार्यक्रम ठरला. सोनकच्छ, सतवास, नालछा इथून बस करून शेतकरी आणायचे, त्यांना पुस्तिका द्यायची, पुढच्या हंगामाला सगळ्यांनी भैयासाहेबांकडचंच सेंद्रिय खत आणि तेच बियाणं घ्यायचं. आनंदाच्या भरात भैयासाहेब प्रयोगशाळेतही येऊन गेले. शालिग्रामच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाले, "ह्याने नमुने सिद्ध केले. ह्याला आम्ही मंचावर सत्कार करून कायम करणार. जानकीबाई, लक्षात असू द्या."

त्या दिवशी शालिग्राम घरी चालत न जाता रिक्षाने गेला. दुसऱ्या दिवशी डब्यात गुळाची पोळी होती, माझ्यासाठी वेगळी. सुमंगलाने डॉक्टरला फोनही करून ठेवला होता, एप्रिलमधली तारीख मिळेल का म्हणून. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. एकोणीस वर्षं तेच वाक्य टाइप करताना बोटांना काही वाटत नाही असं लोकांना वाटतं. वाटतं हो.

मग पाच दिवसांनी तो जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आला आणि डबा न उघडता बसला. सकाळी शिवांगी मुलांना शिकवत होती, हा फळा पुसायला उभा होता. ती हिंदीत सांगत होती, की कोबीच्या जातीची भाजी वाटली की तिच्याच पोटातलं एक एन्झाइम त्या झणक्याच्या पदार्थाला तोडत सुटतं, तास-दोन तासांत फडशा पाडतं. भाजी आधी गरम पाण्यातून काढली तर ते एन्झाइम मरतं आणि पदार्थ जसाच्या तसा शिल्लक राहतो.

"ताई," शालिग्राम म्हणाला, "तिप्पट शेणखताने नाही झालं. माझ्या पाण्याने झालं."

मी इकडेतिकडे पाहिलं. "कोणाला बोललास?"

"तुम्हालाच."

"मग आता गप्प बस. सुमंगलाला पण बोलू नकोस. पंधरा दिवस तोंड बंद ठेव, कागद हातात पडू दे, मग काय ते बोल."

"पण ते बस भरून लोक येणारेत ना. खोटं आहे ते."

"ह्या संस्थेत काय खरं आहे?" मी चिडून विचारलं. "पणजोबा खरे आहेत? तुझं तात्पुरता असणं खरं आहे? एक तुझी ब्रोकोलीच तेवढी खरी पाहिजे?"

तो हसला नाही. डबा तसाच घेऊन शिवांगीकडे गेला. मला त्याचा इतका राग आला की मी त्या दिवशीची सगळी पत्रं चुकीची टाइप केली.

शिवांगी ऐकून पांढरी पडली. "काका, दोनों को दिया था, की फक्त ऑर्गेनिकला?"

"फक्त त्याला, मॅडम. दुसरीला अळ्याच नव्हत्या."

पोरगी सरळ आहे, हे मला मान्य करावं लागेल. ती दुसऱ्याच दिवशी स्वतः बसने सोनकच्छला गेली, चार नव्या पिशव्या घेऊन आली आणि शालिग्रामला समोर बसवून चारही नमुने सारख्याच गरम पाण्यातून काढले. ह्या वेळी आकडे आले ते असे, की शेण घाला नाहीतर युरिया, दोन्हींत फरक नावालाच. फरक होता तो वाणात. जांभळ्यात तो पदार्थ हिरव्याच्या दीडपट निघाला, दोन्ही शेतांत. म्हणजे शेतकऱ्याला सांगण्यासारखं खरं काही होतं, आणि ते एका ओळीत सांगता आलं असतं. पण जांभळ्या वाणाचं बियाणं भैयासाहेब विकत नव्हते.

शिवांगी कागद घेऊन त्यांच्याकडे गेली. मी टिपणं घ्यायला बसले होते. भैयासाहेबांनी कागद वाचला, चहाच्या बशीखाली ठेवला आणि म्हणाले, "पोरी, पुस्तिका छापून आली आहे. पाचशे प्रती. आता निसर्गाने त्यांच्याशी जुळवून घ्यावं." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "तुझं प्रमोशनही ह्याच सभेत जाहीर करायचं मनात आहे आमच्या." शिवांगीने बशीखालचा कागद परत मागितला नाही. तिच्यावर दात खाण्याचा मला अधिकार नाही. मी तर त्या भेटीचं टिपण असं टाइप केलं, ‘अहवालावर समाधानकारक चर्चा झाली.’

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. पोहे झाले, जिलबी झाली, दीपप्रज्वलन झालं. भैयासाहेब पाऊण तास बोलले, त्यात ब्रोकोली सहा मिनिटं होती. मग त्यांनी शालिग्रामला मंचावर बोलावलं. शाल, नारळ आणि एक पांढरा बंद लिफाफा. "ह्यात ह्यांच्या एकोणीस वर्षांच्या सेवेचं फळ आहे," भैयासाहेब माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. सुमंगला पहिल्या रांगेत खुर्चीवर होती, नवी साडी, पाय पुढे लांब केलेले. गुडघे दुमडून तिला फार वेळ बसवत नाही. भैयासाहेबांनी फोटोवाल्याकडे पाहत उदारपणे म्हटलं, "शालिग्राम, दोन शब्द."

जन्मात माइक न धरलेला माणूस. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. बोलला हिंदीत, मी मराठीत सांगते. तो म्हणाला, "मी ह्या ब्रोकोलीला गरम पाणी दिलं होतं. मीठ आणि चिमूटभर हळद घालून. पाच मिनिटं."

मला वाटलं, आता सभागृह कोसळणार. कसलं काय! नालछ्याहून आलेली पार्वतीबाई नावाची एक शेतकरीण जागेवरूनच म्हणाली, "भैया, गोभी को तो हम भी देते हैं, इसमें नई बात क्या?" लोक हसले. दोन बायांनी तर मोबाइलवर लिहून घेतलं, मीठ किती, हळद किती. भैयासाहेब उठून उभे राहिले आणि माइकपर्यंत वाकून म्हणाले, "ऐकलंत? हीच ती आपली पारंपरिक पद्धत! आमच्या पणजोबांच्या मुदपाकखान्यातली!" पुन्हा टाळ्या. खरं सांगून टाकलं तरी त्याचा काही उपयोग होत नाही असं ठिकाण मी आधी पाहिलं नव्हतं.

शालिग्राम तिथेच उभा होता. शाल घसरत होती, ती त्याने नीट चौकोनी घडी करून खुर्चीवर ठेवली. मग पुन्हा माइक धरला. "नाही साहेब," तो म्हणाला. "गरम पाणी फक्त ऑर्गेनिकला दिलं होतं, म्हणून तिप्पट आलं. मॅडमनी नंतर चारही बरोबर केल्या. दोन्ही शेतांत सारखंच निघालं. जांभळी लावली तर जास्त निघतं, कुठल्याही शेतात. शेणखत घालायचं तर घाला, जमिनीला चांगलं आहे. पण ह्या पुस्तकातल्या तिप्पटवर जाऊन घालू नका. ती माझी चूक आहे."

आता मात्र टाळ्या पडल्या नाहीत. पार्वतीबाईने पुस्तिका उलटी केली, पणजोबांकडे पाहिलं आणि शिवांगीला मोठ्याने विचारलं, "मैडम, सही बोल रहा है क्या?" सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. शिवांगी उठली, भैयासाहेबांकडे तिने पाहिलं नाही. "हो," ती म्हणाली, "काका खरं सांगतायत." आणि खाली बसली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. जांभळ्या बियाण्याची चौकशी करत बसगाड्या परत गेल्या. पुस्तिकांचे गठ्ठे माझ्या टेबलाखाली आले. शिवांगीचं प्रमोशन पुढच्या वर्षाच्या विचारार्थ ठेवलं गेलं.

मंचावरून उतरल्यावर शालिग्राम सरळ माझ्याकडे आला. लिफाफा माझ्या हातात दिला. "ताई, हा साहेबांना परत द्या. मी उघडला नाही. चुकीच्या कामावर कायम व्हायला नको." घरी जाताना त्याने सुमंगलाला धरून पायऱ्या उतरवल्या, एकेक करून.

चार दिवसांनी सुमंगला एकटी ऑफिसात आली. आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. तिला वर यायला किती वेळ लागला असेल ते तिच्या श्वासावरून कळत होतं. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ती म्हणाली, "एक विचारू का ताई? हे मला काही बोलत नाहीत. त्या लिफाफ्यात कागद खरंच होता ना? कायमचा?"

मी तिच्याकडे पाहिलं. लिफाफा मीच चिकटवला होता. कार्यक्रमाच्या सकाळी भैयासाहेब मला म्हणाले होते, "जानकीबाई, तूर्तास नुसता लिफाफा ठेवा, फोटोपुरता. कागदाचं सभेनंतर पाहू." पाहणार नव्हते, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. त्यात काहीच नव्हतं. आणि शालिग्राम मंचावर चढण्याआधी मी त्याला हे सांगितलं नव्हतं, कारण मला वाटलं होतं, निदान एक दिवस तरी आनंदात जाऊ दे.

"मला एवढंच पाहिजे," सुमंगला म्हणाली. "ह्यांनी खरं बोलण्यापायी काहीतरी सोडलं, एवढं कळलं की मी गुडघ्यांचं मनातून काढून टाकीन."

"होता," मी म्हणाले. "मीच टाइप केला होता."

तिने मान हलवली. पदराने तोंड पुसलं. "मग ठीक आहे," असं म्हणाली आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरायला लागली.